व्हाळापलीकडचा बंगला

माझ्या वडिलांना जगातली निम्मी बंदरं पाठ होती, पण आपल्या गावच्या देवाची हद्द कुठे संपते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या ह्या एका अज्ञानाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत. ते हयात असताना मी हे बोलून दाखवलं की ते पेपर तोंडासमोर धरत आणि न वाचताच पानं उलटत.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमचा मालवणकडचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. बाबा परदेशी जाणाऱ्या एका बोटीवर बटलर होते. दीड-दोन वर्षांनी घरी येत, तीन-चार महिने राहत आणि पुन्हा जात. आले की पहिले आठ दिवस आम्हा मायलेकींना पाहुणा आल्यासारखं वाटे. ते जेवताना पाटावर अवघडून बसत, आणि ताटाखाली काहीतरी उंच घ्यायला बघत. आई हसायची. मला मात्र राग यायचा, कारण आमच्या घरात जे होतं ते मला पुरेसं वाटायचं.

त्या वर्षी ते आले आणि मिठाच्या साहेबाचा बंगला विकायचा आहे ही बातमी त्यांच्या पाठोपाठच आली. आमच्या गावाच्या दक्षिणेला एक व्हाळ आहे, म्हणजे ओढा. तो पुढे खाडीला मिळतो. त्या व्हाळापलीकडच्या टेकाडावर, मिठागरांवर देखरेख करायला आलेल्या कुणा इंग्रज साहेबाने तो बांधला होता. साहेब गेल्यावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तो घेतला, आणि व्यापारी गेल्यावर त्याच्या मुलांना त्यात रस उरला नाही. मी लहान असताना तो बंगला म्हणजे शेवाळाने काळी पडलेली भिंत आणि तिच्यावर माजलेलं रान एवढंच होतं. शेंबडी पोरं त्याच्या नावाने एकमेकांना भिववायची. पण गिऱ्हाईक यायचं म्हणून व्यापाऱ्याच्या मुलांनी रान तोडून घेतलं, चुना काढला, खिडक्यांना हिरवा रंग दिला. आणि मग दिसलं, की आपण ज्याला भूतबंगला म्हणत होतो तो चांगला राजबिंडा आहे.

छातीइतकं उंच चिऱ्याचं जोतं. तिन्ही बाजूंनी व्हरांडा, त्याच्या छपराच्या काठाला लाकडी नक्षी. खिडक्यांना झिलमिल्या, म्हणजे आडव्या पट्ट्या वर-खाली करून हवा हवी तेवढीच आत घ्यायची. दारांच्या वर रंगीत काचांच्या कमानी. न्हाणीघराच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती, त्यातून दुधासारखा उजेड यायचा. दिवाणखान्याच्या भिंतीत एक गुळगुळीत भोक होतं, ते कशासाठी असेल हे मला कळेना. बाबांनी सांगितलं, त्यातून पंख्याची दोरी बाहेर जायची आणि बाहेर बसून एक माणूस दिवसभर ती ओढायचा. सांगता सांगता त्यांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या टेबलार वाढलंय. आता माझ्या टेबलार बसान जेवतलंय."

त्यांची हौस खोटी नव्हती. तीस वर्षं ज्यांच्या पुढे बशा ठेवल्या त्यांच्यासारखं एकदा बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण आमच्या घरात एक गोष्ट होती जी त्यांना माहीत नव्हती आणि मला माहीत होती. आईला दिसत नव्हतं.

अगदी काहीच दिसत नव्हतं असं नाही. उजेड-अंधार कळायचा, माणूस समोर उभं राहिलं तर सावली हलल्यासारखी वाटायची. पण पानावरचं मीठ आणि भात तिला वेगळे दिसायचे नाहीत. हे हळूहळू, चार वर्षांत झालं होतं, आणि तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आमचं घर तीन खोल्यांचं. चुलीपासून न्हाणीपर्यंत सात पावलं, मागच्या दारापासून विहिरीपर्यंत एकोणीस. कढई, पळी, मिठाची करवंटी, सगळं बोटभरही न हलता जागच्या जागी. गावातल्या बायका तिच्या टापटिपीची वाखाणणी करत. मी पळी जरा इकडची तिकडे ठेवली की ती माझी पाठ शेकायची, आणि मी तिला मनातल्या मनात कजाग म्हणायची.

एका दुपारी मी पाट वाटेत टाकून गेले. आई कुळथाच्या कढत पिठीचं भांडं घेऊन आली, अडखळली, पडली. मी धावत गेले तर ती भाजलेल्या हाताकडे न बघता जमीन चाचपडत होती. भांडं तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर चकचकत पडलं होतं आणि ते तिला सापडत नव्हतं. तेव्हा मला सगळं एकदम उमगलं. मी रडायला लागले तशी तिने माझं तोंड दाबलं.

"माझ्या गळ्याची आण," ती म्हणाली. "बापाशीक सांगलंस तर तुझी शाळा सुटली समज."

ती खोटं बोलत नव्हती. मी हायस्कुलात जात होते, रोज दोन मैल चालत. गावातल्या माझ्या वयाच्या मुलींपैकी दोघींचीच शाळा चालू होती. घरात आंधळी आई आहे म्हटल्यावर मुलगी चुलीपाशी बसणार, ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. आईच्या आईचेही डोळे असेच गेले होते, आणि ती पुढली बारा वर्षं एका कोपऱ्यात बसून होती. हे आपल्या घराण्यातच आहे, ह्याला इलाज नाही, असं आई धरून चालली होती. मीही तेच धरून चालले. आमच्यासारख्या दोघी शहाण्या एकत्र आल्या म्हणजे आणखी काय होणार.

तर अशा बाईला घेऊन बाबा बंगला दाखवायला निघाले. व्हाळावर साकव होता, माडाची दोन खोडं आडवी टाकलेला. बाबा पुढे सरसर गेले. मी आईचा हात धरला आणि मोठ्याने म्हटलं, मला भीती वाटते. आई म्हणाली, मोठी घोडी झालीस तरी भितेस. आणि आम्ही एकमेकींना धरून पार झालो. बंगल्यात मात्र तिची पंचाईत झाली. खोल्या एवढ्या ऐसपैस, की हात लावायला भिंतच नाही. दर दोन खोल्यांमध्ये उंबरठा, व्हरांड्यात मध्येच एक पायरी. स्वयंपाकघर बंगल्यात नाहीच. मागे वीस-पंचवीस पावलांवर वेगळं, आणि तिथे उभ्याने रांधायचे ओटे. दिवाणखान्यातून व्हरांड्यात जायचं दार काचेचं होतं. आई सरळ त्यावर जाऊन आदळली. बाबा हसून म्हणाले, काच इतकी स्वच्छ पुसलेय की माझी बायको फसली. ती पण हसली.

आता आमच्याकडे घर, जागा, लग्न, असं काही करायचं तर देवाचा कौल घेतल्याशिवाय करत नाहीत. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलांचे कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. बाबा एकटेच देवळात गेले आणि तासाभराने पेढे घेऊन आले. उजवा पडला होता.

आईने पेढा तोंडात घातला आणि मागच्या दारी जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले. तिने तीन सोमवार मनोमन उपास केले होते, डावा पडावा म्हणून. ती म्हणाली, देवालासुद्धा मला ह्या घरातून काढायचं आहे तर मी कोण नको म्हणणारी. मला देवाचा असा संताप आला, की संध्याकाळी मी दिवा लावायला नकार दिला आणि मार खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाबा बंगल्याच्या राखण्याला ही गोड बातमी द्यायला गेले. तो म्हातारा व्हाळापलीकडच्या गावचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, पान जुळवलं, आणि विचारलं की कौल कुठल्या देवाचा. बाबांनी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "तुमच्या देवाची हद्द व्हाळापर्यंत. हयसर आमच्या देवाचो शब्द लागता."

बाबांनी ही हकिगत घरी येऊन सांगितली तेव्हा ते खरोखर लाजले होते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की शिवेपलीकडे आपल्या देवाने बोलायचं नसतं; भीतीपायी आम्हा मायलेकींच्या मात्र ते डोक्यातच आलं नव्हतं. होळी असो की देवाची पालखी, आमची मंडळी व्हाळाच्या काठावरून मागे फिरत. आमच्या देवाला व्हाळापलीकडचं विचारणं म्हणजे एका घरच्या यजमानाला शेजारच्या घरातलं जेवण वाढायला सांगणं. बाबा अर्धं आयुष्य पाण्यावर राहिले, त्यांना आठवण राहिली नाही. आमचा गुरव बहिरा होता, आणि गाऱ्हाण्यात 'नवं घर' एवढंच ऐकून त्याने कळे लावले. म्हणजे पहिला कौल फुकट गेला होता. पुन्हा पलीकडच्या देवाला विचारायला हवं होतं, आणि त्या देवळाच्या एका मानकऱ्याच्या घरात नुकतंच कुणी वारल्यामुळे सुतक होतं. दहा-बारा दिवस थांबणं भाग होतं.

ते दिवस मी कधी विसरणार नाही. आईला आता आशा उरली नव्हती. देव सारखेच असतात, एकाने हो म्हटलं तर दुसरा कशाला नाही म्हणेल, असं तिचं म्हणणं. तिने मला वेगळंच काम सांगितलं. शाळेतून येताना मी वाट वाकडी करून बंगल्यावर जायचं, राखण्याला काहीतरी कारण सांगायचं, आणि पावलं मोजून यायची. व्हरांड्याच्या पायऱ्या सहा. दारापासून दिवाणखान्याच्या मधल्या उंबरठ्यापर्यंत चौदा. तिथून डावीकडे वळून अकरा. मी लहान पावलं टाकायची, आईच्या मापाची. घरी आले की बाबा बाहेर गेलेले बघून आई मला पुढे बसवायची आणि मी सांगेन ते पाढ्यासारखं पाठ करायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चाळिशीच्या आतबाहेरची माझी आई भाजी चिरता चिरता एका परक्या घराचे पाढे म्हणत होती. मला ते बघवत नसे. बाबांना ओरडून सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज मला माझी शाळा आठवायची. ह्यात आण किती आणि स्वार्थ किती, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

सुतक फिटलं आणि आम्ही तिघंही पलीकडच्या देवळात गेलो. पंधरा-वीस माणसं जमली होती. त्या गावची रीत आमच्यापेक्षा निराळी निघाली. घराचा कौल असेल तर घरकारणीला पुढे उभी करत, आणि कुठला कळा पडला ते तिने आपल्या तोंडाने सांगायचं. घर तिलाच सांभाळायचं असतं ना, म्हणून. गुरवाने आईला गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी बोलावलं. मी तिच्या मागे होते. समया पेटल्या होत्या, पाषाणावर पांढरे कळे लख्ख दिसत होते. गाऱ्हाणं संपलं.

डावा कळा सुटला, थोडा घरंगळला आणि खाली पडला.

माझा जीव भांड्यात पडला. मागे बाबांचा एक लांब सुस्कारा ऐकू आला. गुरव आईकडे वळला आणि म्हणाला, "बाये, सांग. खंयचो पडलो?"

आई ताठ उभी होती. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "उजवो."

लोकांत कुजबूज झाली. गुरवाला वाटलं, घाबरली. त्याने शांतपणे पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला जास्त ठासून. मागून कोणीतरी म्हातारी बोललीच, की बंगल्याच्या हावेपायी बाई देवासमोर खोटं बोलते. मी वळून बघितलं तर बाबांची मान खाली गेली होती. ज्या बाईला तो बंगला जगात सगळ्यात जास्त नको होता, तीच बंगल्याच्या लोभाने खोटं बोलते म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती. कुजबूज कशाची आहे ते तिला कळत नव्हतं. ती मान कलती करून ऐकत होती, आणि तिच्या ओठांवर नवऱ्याच्या आनंदासाठी आणलेलं हसू तसंच होतं.

"आयेक दिसना नाय," मी म्हटलं. मला वाटतं मी ते फार मोठ्याने म्हटलं असावं. "चार वर्सां झाली, दिसना नाय."

त्यानंतर काय झालं त्याचे मला तुकडे तुकडेच आठवतात. गुरवाने खाली पडलेला कळा उचलून आईच्या हातात ठेवला आणि सांगितलं, की हा डावा आहे, देवाने नको म्हटलं आहे, आणि आता आधी डॉक्टरला दाखवा. बाबा पुढे आले. मला वाटलं, आता माझ्या कानशिलात बसते. त्यांनी आईचा दंड धरला आणि तिला सभामंडपाबाहेर उन्हात नेलं. तिचं तोंड वर केलं, अंगठ्याने पापणी उचलली, आणि बराच वेळ बघत राहिले. बोटीवर त्यांनी असे पांढुरके डोळे झालेले म्हातारे उतारू पुष्कळ पाहिले होते.

"मोतीबिंदू आसा ह्यो," ते म्हणाले. "ह्येका उपाय आसा."

मी देवळाच्या पायरीवर फतकल मारून बसले. आईने तो कळा मुठीत इतका घट्ट धरला होता की त्याचा चोळामोळा झाला. चार वर्षं आम्ही दोघींनी मिळून जे लपवलं, त्याला इलाज होता. हे समजल्यावर मला आधी हलकं वाटलं, मग आमच्या मूर्खपणाची चीड आली, आणि मग पुन्हा हलकंच वाटलं.

माझी परीक्षा होईपर्यंत बाबा थांबले. शाळा सुटेल ही आईची भीती त्यांना मी सांगितली तेव्हा ते चिडले, आणि त्या दिवसापासून त्यांनी चुलीचा ताबा घेतला. बोटीवरचा बटलर धोतर खोचून घरी भाकऱ्या थापतो हे बघायला बायका विहिरीवर मुद्दाम रेंगाळत. भाकऱ्या जाड व्हायच्या, पण मी वेळेवर शाळेत पोचत होते.

मे महिन्यात आम्ही आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आईला कित्येक दिवस हलू दिलं नाही. डोळ्यांवर पट्टी असताना एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. मी आण मोडली होती आणि तिच्या पुढे जायला कचरत होते. ती म्हणाली, तू बोलली नसतीस तर मी त्या बंगल्यात पावलं मोजत म्हातारी झाले असते, आणि तुझ्या बापाला वाटलं असतं बायको सुखात आहे. मग म्हणाली, पाय चेप. मी खूप वेळ पाय चेपले.

बाबांनी बोटीची एक सफर सोडली. आम्ही बेळगावात एक खोली घेऊन राहिलो आणि पाऊस लागायच्या आधी, आईच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा चढवून परत निघालो. घाट उतरताना तिने खिडकी सोडली नाही. दिसेल ते बघत होती, मैलाचे दगडसुद्धा.

शेवटचा टप्पा तरीचा. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि आई एकदम उठून उभी राहायला गेली. तरवाल्याने तिला खाली बसवलं. ती टेकाडाकडे बोट दाखवत होती. पांढऱ्या भिंती, हिरव्या झिलमिल्या, दुपारच्या उन्हात रंगीत काचा लुकलुकत होत्या.

"ह्यो नवो बंगलो कोणाचो?" तिने विचारलं. "कितको बरो दिसता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. तिला ठाऊक होता तो शेवाळलेला, रानात बुडालेला बंगला. चुना काढलेला, मोकळा केलेला बंगला तिने कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या सगळ्या खोल्यांतून हिंडून, त्याच्या दारावर कपाळ आपटून, त्याची पावलं पाठ करूनही पाहिला नव्हता.

"आमचो होवचो होतो," बाबा म्हणाले.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "मगे तो इतको बरो आसा म्हणान माका कोणी सांगूक कशाक नाय?"

बाबा हसायला लागले. तरवालाही हसला, त्याला काय कळलं होतं देव जाणे. मी तर पोट धरून हसत होते. बंगला तोवर मुंबईच्या एका डॉक्टरने घेतला होता आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. हसता हसता बाबांचे डोळे भरले. त्यांनी तोंड खाडीकडे फिरवलं आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. इतकी वर्षं घरात त्यांचं असं काही लपून जायचं.

पण आईने ते पाहिलं.